गोदी कामगाराचे रिकामे हात : शिल्पकार मारी आंद्रीसन

डच कला म्हटली की आपल्याला चित्रकार आठवतात. रेम्ब्रांट, फर्मेर, फ्रान्स हाल्स आणि अर्थातच व्हॅन गॉग. एखाद्या डच शिल्पकाराचे नाव सांगा असे म्हटले, तर कलेची चांगली जाण असलेला वाचकही अडखळेल. याला इतिहासातच कारणे आहेत. गाळाच्या आणि पाणथळ जमिनीच्या या देशात संगमरवराच्या खाणी नाहीत. शिवाय १५६६ साली प्रॉटेस्टंट जमावांनी चर्चमधील मूर्ती फोडल्या आणि पुढे कॅल्विनपंथाचे राज्य आले, तेव्हा शिल्पकाराचा सर्वांत मोठा आश्रयदाता, म्हणजे चर्च, नाहीसा झाला. चित्र घराच्या भिंतीवर टांगता येते, व्यापाऱ्याला विकता येते. पुतळ्याला जागा लागते आणि ती जागा देणारा कोणीतरी लागतो.

या देशातील एका शिल्पकाराची कहाणी आम्ही येथे सांगत आहोत. त्याचे नाव मारी आंद्रीसन. जन्म ४ डिसेंबर १८९७, हार्लेम. मृत्यू ७ डिसेंबर १९७९, हार्लेम. ज्या गावी जन्मला त्याच गावी वारला. शिल्पकलेला नवी दिशा देणारा क्रांतिकारक म्हणून त्याची गणना कोणी करत नाही आणि आमचाही तसा दावा नाही. तरीही नेदरलँड्समधील लोक दुसरे महायुद्ध आठवताना ज्या आकृत्यांसमोर फुले ठेवतात, त्यांतील अनेक याच माणसाच्या हातच्या आहेत. एखाद्या समाजाला स्वतःच्या वेदनेचे आणि स्वतःच्या लाजेचेही रूप कोणी द्यावे आणि कसे द्यावे, या प्रश्नासाठी त्याचे आयुष्य पाहण्याजोगे आहे.

संगीताच्या घरातला मूर्तिकार

आंद्रीसन घराणे संगीताचे. वडील निकोलास हे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे आणि गायकवृंदाचे संचालक. थोरला भाऊ विलेम पियानोवादक, दुसरा भाऊ हेंड्रिक हा विसाव्या शतकातील प्रमुख डच संगीतकारांपैकी एक. आणि हेंड्रिकचा मुलगा लुई (१९३९–२०२१) तर पुढे जगभर गाजला. अशा घरात मारीने माती हाती घेतली.

घर कॅथलिक होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. नेदरलँड्समध्ये कॅथलिकांना १८५३ साली पुन्हा आपली धर्मपीठे स्थापन करण्याची मुभा मिळाली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे देशभर नवी कॅथलिक चर्चे उभी राहत होती. हार्लेमचे संत बाव्हो कॅथेड्रल हे त्यांतील एक भव्य उदाहरण. १८९५ साली सुरू झालेले त्याचे बांधकाम १९३० पर्यंत चालले. तीन शतके ज्याला काम नव्हते त्या मूर्तिकाराला पुन्हा काम मिळू लागले. आंद्रीसनची पहिली दोन दशके बहुतांशी याच कामात गेली. संत, क्रूस, वेदी. बाव्हो कॅथेड्रलसाठीही त्याने शिल्पकाम केले.

शिक्षण आधी हार्लेमच्या कलाशाळेत, मग अ‍ॅमस्टरडॅमच्या राष्ट्रीय कला अकादमीत आणि काही काळ म्यूनिकमध्ये. अकादमीत त्याचे गुरू होते यान ब्रोनर. ब्रोनर ही एक विलक्षण वल्ली. हार्लेमच्या वनराईत ‘हिल्डेब्रांड’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाच्या स्मारकाची १९१४ सालची स्पर्धा त्यांनी जिंकली आणि ते स्मारक प्रत्यक्ष उभे राहिले १९६२ साली! दगड घाई खपवून घेत नाही, आकृतीत अनावश्यक काही ठेवायचे नाही, ही शिस्त या गुरूने डच शिल्पकारांच्या एका अख्ख्या पिढीला लावली. त्या पिढीत आंद्रीसनबरोबर आणखी एक नाव होते, गेरिट फान डर फेन. त्याच्याकडे आपण लवकरच येऊ.

सही करण्यास नकार

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये शिरल्या आणि पाच दिवसांत देश पडला. नाझींनी कलेचा बंदोबस्त करण्यासाठी नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘कुल्तूरकामर’, म्हणजे संस्कृती मंडळ, स्थापन करण्याचा हुकूम काढला. चित्रकार, शिल्पकार, लेखक, नट, वादक, वास्तुरचनाकार, पत्रकार अशा सर्वांनी त्याचे सभासद होणे सक्तीचे झाले. ज्यूंना अर्थातच प्रवेश नव्हता. जो सभासद नाही त्याने प्रदर्शन भरवायचे नाही, काम विकायचे नाही, नवे काम स्वीकारायचे नाही. जवळजवळ दोन हजार कलावंतांच्या सह्यांचे निषेधपत्र १९४२ च्या आरंभी जर्मन राज्यप्रमुख सायस-इंकार्ट याच्याकडे गेले. उपयोग झाला नाही.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. कवीला चोरून लिहिता येते. वादकाला ओळखीच्या घरी पडदे ओढून वाजवता येते. चित्रकाराला माळ्यावर चित्र लपवता येते. शिल्पकाराला मात्र चोरून पुतळा उभारता येत नाही. त्याचा दगड गाडीतून येतो, ब्राँझ ओतायला भट्टी लागते आणि काम मुळात कोणीतरी सांगितल्याखेरीज सुरूच होत नाही. म्हणून शिल्पकाराचा नकार हा थेट उपासमारीला होकार होता. आंद्रीसनने सभासद होण्याचे नाकारले. भाऊ विलेम १९४२ मध्ये काही महिने जर्मनांच्या ताब्यात ओलीस होता, म्हणजे नकाराची किंमत घरात सर्वांना ठाऊक होती.

नकारावर तो थांबला नाही. हार्लेमच्या वागेनवेख रस्त्यावरचे त्याचे घर भूमिगत चळवळीच्या उपयोगी पडू लागले. तेथे माणसे लपली, शस्त्रे साठवली गेली. सापडले असते तर सगळ्या कुटुंबाला काय भोगावे लागले असते, हे सांगण्याची गरज नाही.

त्याचा गुरुबंधू गेरिट फान डर फेन याने मात्र शिल्प पूर्ण बाजूला ठेवले. डच ओळखपत्र हे त्या काळी युरोपातील बनावटीला सर्वांत अवघड मानले जाई. फान डर फेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेच ओळखपत्र बनवणारे गुप्त केंद्र उभारले आणि त्यातून हजारो बनावट ओळखपत्रे बाहेर पडली. हा आकडा सर्वसाधारणपणे ऐंशी हजार असा दिला जातो. बनावट कागद पकडला जायचा तो मूळ नोंदीशी ताडून पाहिल्यावर. म्हणून २७ मार्च १९४३ च्या रात्री पोलिसांचे गणवेश घालून या मंडळींनी अ‍ॅमस्टरडॅमच्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयावर हल्ला केला आणि नोंदी पेटवल्या. सोबत चित्रकार-लेखक विलेम आरोन्देउस होता. तो आणि त्याचे अनेक साथीदार पकडले जाऊन १ जुलै १९४३ रोजी मारले गेले. फान डर फेन निसटला. १९४४ च्या मे महिन्याच्या तोंडावर साथीदारांना सोडवण्यासाठी त्याने तुरुंगावर छापा घातला, त्यात पाठीत गोळी लागून तो पंगू झाला आणि काही दिवसांनी पकडला गेला. १० जून १९४४ रोजी ओव्हरफेनच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच दिवशी योहान लिम्पर्स हा आणखी एक शिल्पकार मारला गेला. फ्रिट्स फान हाल हा तिसरा शिल्पकार १९४५ मध्ये जर्मनांच्या कैदेत मेला.

ओव्हरफेनच्या टेकड्या हार्लेमपासून हाकेच्या अंतरावर आहेत. आंद्रीसन वाचला. त्याच्या बरोबरीच्या तिघा शिल्पकारांची कामे तेथेच थांबली. त्याचे खरे काम आता सुरू होणार होते.

रुमाल हाती धरलेली बाई

युद्ध संपल्यावर प्रत्येक गावाला स्मारक हवे होते. मग स्मारके कोण करणार? जे शिल्पकार कुल्तूरकामरच्या यादीत होते त्यांच्याकडे हे काम जाणे शक्य नव्हते. ज्यांनी नकार दिला होता त्यांच्यापैकी काही मेले होते. उरलेल्यांत आंद्रीसन सर्वांत समर्थ होता. पन्नाशीला आलेला हा संतांचा मूर्तिकार अशा रीतीने देशाच्या शोकाचा शिल्पकार झाला.

१९४९ साली हार्लेममध्ये त्याचा ‘गोळीबार पथकासमोरचा माणूस’ उभा राहिला. बंदुका कोठेही दाखवलेल्या नाहीत. समोर काय आहे ते त्या माणसाच्या उभे राहण्यावरूनच समजते. त्याच वर्षी पुटन या गावी त्याचे दुसरे शिल्प आले आणि आमच्या मते ते त्याच्या श्रेष्ठ कामांपैकी एक आहे.

पुटनची हकीकत अशी. १९४४ च्या सप्टेंबरअखेर भूमिगतांनी गावाजवळ एका जर्मन मोटारीवर हल्ला केला. सूड म्हणून जर्मनांनी गाव वेढले, घरे जाळली आणि सहाशेहून अधिक पुरुषांना धरून नेले. बहुतेकांना नॉयेनगामे छळछावणीत पाठवण्यात आले. पाचशेहून अधिक परतले नाहीत. गावात उरल्या त्या विधवा, आया आणि बहिणी. या गावासाठी आंद्रीसनने एकही पुरुष घडवला नाही. त्याने दगडात एक बाई घडवली. त्या भागातला साधा पारंपरिक पोशाख, हातात रुमाल आणि नजर गावातल्या जुन्या चर्चच्या दिशेने, जेथून पुरुषांना नेले त्या दिशेने. आक्रोश नाही, आकाशाकडे उंचावलेले हात नाहीत. ती नुसती उभी आहे. गेलेल्यांचे स्मारक हे मागे राहिलेलीच्या रूपात करावे, ही जाण वरकरणी साधी वाटते. तथापि त्या काळची युद्धस्मारके पाहिली, तर तुटलेल्या बेड्या, सिंह, देवदूत आणि कबुतरे यांच्या गर्दीत ही बाई किती वेगळी आहे हे ध्यानी येते.

चौकातला कामगार

आता आपण अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या ज्यू वस्तीत येऊ. पोर्तुगीज ज्यूंच्या सिनेगॉगशेजारी योनास दानिएल मेयर यांच्या नावाचा चौक आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत, २२ आणि २३ तारखेला, जर्मनांनी ही वस्ती वेढून चारशेहून अधिक तरुण ज्यू पुरुष पकडले. त्यांना या चौकात आणून जमिनीवर उकिडवे बसवले आणि ट्रकमधून नेले. बुखेनवाल्ड, माउटहाउझेन. जवळजवळ कोणीच परत आले नाही.

२४ तारखेच्या संध्याकाळी नोर्डरमार्केट या बाजारपेठेत कामगारांची उघड्यावर सभा झाली. बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाने संपाची पत्रके काढली. पुढाकार घेणाऱ्यांत विलेम क्रान आणि पीट नाक हे नगरपालिकेचे दोन साधे कामगार होते. २५ फेब्रुवारीच्या सकाळी ट्राम बाहेर पडल्या नाहीत आणि ट्राम बंद म्हणजे शहराला बातमी पोचली. गोदी, कारखाने, कचेऱ्या, दुकाने बंद झाली. सुमारे तीन लाख माणसे संपात उतरली असे सांगतात. दुसऱ्या दिवशी संप जवळच्या गावांत पसरला आणि जर्मनांनी गोळ्या झाडून तो मोडून काढला. अ‍ॅमस्टरडॅमला दीड कोटी गिल्डर दंड झाला. १३ मार्चला गोळ्या घालून मारलेल्या अठरा जणांत तीन संपकरी होते. क्रान १९४२ मध्ये मारला गेला. ज्यूंच्या छळाविरुद्ध व्याप्त युरोपात झालेला असा सार्वत्रिक संप दुसरा दाखवता येत नाही.

या संपाचे स्मारक म्हणजे ‘दे डॉकवेर्कर’, गोदी कामगार. १९ डिसेंबर १९५२ रोजी राणी युलियाना हिने त्याचे अनावरण केले. त्यासाठी उभा राहिला होता हार्लेमचा विलेम टेर्मेट्झ नावाचा एक सुतार. म्हणजे गोदी कामगाराचा नमुना प्रत्यक्ष गोदी कामगार नव्हताच; आणि संपाची ठिणगी पेटवणारेही मुख्यतः ट्राम आणि सफाई खात्याचे लोक होते. पण या तपशिलाने काही बिघडत नाही.

आम्ही या पुतळ्याची छायाचित्रे समोर ठेवून हे लिहीत आहोत. जाडजूड बांध्याचा, काहीसा पोट सुटलेला माणूस. ढगळ विजार, दुमडलेल्या बाह्या. पाय फाकवून जमिनीत रोवलेले. मान किंचित वर. ब्राँझवर मातीत फिरलेल्या बोटांचा खडबडीतपणा तसाच ठेवलेला. आणि सर्वांत बोलके म्हणजे हात. ते शरीरापासून जरा दूर, खाली सोडलेले आणि रिकामे आहेत. हातात हातोडा नाही, झेंडा नाही, बंदूक नाही. मूठ उगारलेली नाही. संप म्हणजे मुळात काय? हाताने काम करणाऱ्याने हात थांबवणे. संपाचे इतके नेमके शिल्प दुसरे आमच्या पाहण्यात नाही. ज्या शिल्पकाराने स्वतः तीन-चार वर्षे आपले हात थांबवले होते, त्यालाच ते सुचावे हेही साहजिक वाटते.

चार वर्षांनी, १९५६ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमच्या दाम चौकात राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. वास्तुरचनाकार औड, शिल्पकार राडेकर. बावीस मीटर उंचीचा स्तंभ, साखळदंडातले पुरुष, माता आणि मूल, कबुतरे. ते प्रतीकांचे स्मारक आहे. राष्ट्राला ते शोभते. गोदी कामगार मात्र ओळखीचा वाटतो. सकाळी ट्रामच्या थांब्यावर शेजारी उभा राहणारा माणूस तो हाच.

पुतळा किती सांगतो आणि किती झाकतो

येथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता; पण तो अपुरा झाला असता.

नेदरलँड्समध्ये युद्धापूर्वी सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यू होते. त्यांपैकी एक लाख दोन हजारांहून अधिक मारले गेले, म्हणजे जवळजवळ चारांतले तीन. पश्चिम युरोपातल्या कोणत्याही देशापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. फेब्रुवारीचा संप दोन दिवस चालला. त्यानंतरच्या वर्षांत नोंदी ठेवणारे कारकून डच होते, ज्यूंना घरातून आणणाऱ्या पोलिसांत डच होते, आगगाड्या चालवणारे डच होते. आणि चौकात पुतळा कोणाचा? पकडून नेलेल्या चारशे जणांपैकी कोणाचाही नाही. त्यांच्यासाठी दोन दिवस उभे राहिलेल्यांचा.

याहून बोचरी गोष्ट अशी की याच वस्तीजवळ १९५० साली एक ‘ज्यू कृतज्ञता स्मारक’ उभे राहिले. वाचलेल्या ज्यूंनी डच देशबांधवांचे आभार मानण्यासाठी! ते घडवले योब्स व्हेर्टहाइम या ज्यू शिल्पकाराने, जो स्वतः टेरेझिनच्या छावणीतून परतला होता. ज्यांचे तीन चतुर्थांश लोक संपले त्यांनी आभार मानावेत आणि बाकीच्यांनी ते स्वीकारावेत, असा तो काळ होता. प्रतिकाराची आठवण देशाला उभारी देत होती. अपराधाची आठवण कोणालाच नको होती. संपाच्या आठवणीतही फूट पडली. शीतयुद्ध सुरू झाले होते आणि ज्या कम्युनिस्टांनी संप पुकारला त्यांचे स्मरण वेगळे आणि इतरांचे वेगळे असे व्हावे लागले.

मग गोदी कामगार हा एक सोयीस्कर पुतळा आहे काय? असा आरोप करता येईल. आम्हाला मात्र वाटते की पुतळा खोटे सांगत नाही. त्याच्या आडून समाज स्वतःला खोटे सांगू शकतो. रिकाम्या हातांचा हा माणूस विजयाची बढाई मारत नाही. उलट तो तेथे उभा राहून रोज विचारतो की आम्ही दोन दिवस तरी हात थांबवले, नंतर सर्वांचे हात पुन्हा कामाला का लागले?

आणि आंद्रीसनचे काम एका पुतळ्यावर संपत नाही. एन्सखेडे या शहराच्या लोकोद्यानातील त्याचे स्मारक १९५३ चे आहे. तेथे एकच वीरपुरुष नाही. युद्धाचे निरनिराळे भोग भोगणाऱ्या ब्राँझच्या अनेक आकृत्या आहेत. ओलीस, भूमिगत, सैनिक, छावणीतला कैदी. त्यांतच मूल घेतलेली एक ज्यू स्त्री उभी आहे. ज्या वर्षांत ज्यूंचे वेगळे दुःख उच्चारणेही अप्रशस्त मानले जाई, त्या वर्षांत त्याने तिला बाकीच्यांच्या रांगेत तिच्या स्वतःच्या ओळखीनिशी उभे केले. एन्सखेडेतही याला अर्थ होता. धर्मोपदेशक लेंडेर्ट ओव्हरडाउन यांच्या मदतजाळ्यामुळे या शहरात इतर डच शहरांच्या मानाने जास्त ज्यू वाचले होते.

शेवटची मुलगी

पुढची पंचवीस वर्षे आंद्रीसनला मोठ्या माणसांचे पुतळेही करावे लागले. समुद्र अडवणाऱ्या बत्तीस किलोमीटरच्या बांधाची कल्पना मांडणारा अभियंता कॉर्नेलिस लेली याचा पुतळा १९५४ मध्ये त्या बांधावर उभा राहिला. लेली १९२९ मध्ये वारला आणि बांध पुरा झाला १९३२ मध्ये. जे पाहायचे राहून गेले तेथे तो आता ब्राँझमध्ये उभा आहे. १९६८ मध्ये युट्रेख्टसाठी त्याने राणी विल्हेल्मिनाचा पुतळा केला. ही कामे चांगली आहेत. त्यांवर रेंगाळण्याचे कारण नाही.

रेंगाळावे ते १९७७ च्या कामापाशी. अ‍ॅमस्टरडॅमच्या वेस्टरकेर्क या चर्चलगत, ज्या घरात ती लपली होती तेथून काही पावलांवर, अ‍ॅन फ्रँकची छोटी आकृती उभी आहे. तिची रोजनिशी मराठी वाचकांनाही अनुवादातून परिचित आहे. त्या चर्चच्या घंटांचा उल्लेख ज्यांना आठवत असेल त्यांना ही जागा का निवडली हे सांगावे लागणार नाही. शिल्पकार तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. त्याने तिला हुतात्मा केले नाही, पंख दिले नाहीत. हात पाठीमागे घेतलेली, किडकिडीत, मान जरा वर केलेली एक शाळकरी मुलगी. घाईत जाणाऱ्याच्या नजरेतून ती सहज सुटेल एवढी लहान. दोन वर्षांनी आंद्रीसन वारला.

गोदी कामगार आणि ही मुलगी यांच्यात पंचवीस वर्षांचे अंतर आहे. पहिला उभे राहणाऱ्यांसाठी, दुसरी जिच्यासाठी पुरेसे लोक उभे राहिले नाहीत तिच्यासाठी. दोघांनाही एकत्र पाहिल्याखेरीज या शिल्पकाराचे काम पुरे समजत नाही, असे आम्हाला वाटते.

२०२१ साली गोदी कामगाराच्या चौकाजवळच, वेस्परस्ट्राट रस्त्यावर, मारल्या गेलेल्या एक लाख दोन हजारांहून अधिक ज्यू, सिंती आणि रोमा लोकांच्या नावांचे स्मारक झाले. प्रत्येक नावाला एक वीट. आंद्रीसनने ज्यांना चेहरा दिला नाही त्यांना सत्तर वर्षांनी निदान नाव मिळाले. दर वर्षी २५ फेब्रुवारीला लोक आजही रांगेने येऊन गोदी कामगाराच्या पायाशी फुले ठेवतात. आता फुले ठेवून परत फिरणाऱ्याला त्या विटांच्या भिंती चार पावलांवर आहेत. एवढे अंतर चालून जाण्यास एका समाजाला सत्तर वर्षे लागली.

फान डर फेनच्या वाट्याला पुतळे घडवण्यासाठी आयुष्य उरले नाही. ज्या ऑयटेर्पे रस्त्यावर जर्मन गुप्त पोलिसांचे मुख्यालय होते, त्या रस्त्याला युद्धानंतर त्याचे नाव देण्यात आले. ते नाव असलेली पाटी हेही एक स्मारकच. आणि आंद्रीसनचा तो जाडजूड कामगार, हात सोडून उभा, त्याच शहरात त्याला सोबत देतो आहे.